देल्व्हिलच्या चित्रातला त्रिकोण
'हे सरळसरळ भुताटकीचं चित्र आहे' असं या चित्राबद्दल एकांनी लिहिलंय, ते मला अजिबात पटत नाही. बेल्जियन चित्रकार जाँ देल्व्हिलने १८९२ साली काढलेलं श्रीमती स्टुअर्ट मेरिल यांचं हे चित्र कागदावर रंगीत खडूंनी केलंय. बुबुळं पार वर गेलेली. केशरी केस कुठे संपतात आणि भोवतीचं तेज कुठे सुरू होतं, कळतच नाही. पण खाली बघा ना! हनुवटी हातांवर, हात जाड पुस्तकावर आणि पुस्तकावर त्रिकोण. झपाटलेली बाई अशी बसेल का? माझ्या मते ती ध्यानात आहे. त्याच वर्षी पॅरिसमध्ये पेलादाँ या गूढवादी फ्रेंच लेखकाने आपल्या रोझ-क्रुवा या गूढवादी कलामंडळाचं पहिलं प्रदर्शन भरवलं, त्यात देल्व्हिल होता. पुढे तो थिऑसॉफिस्टही, म्हणजे सगळ्या धर्मांमागचं गूढ सत्य शोधणाऱ्या पंथाचा अनुयायीही झाला.