कार्यक्रम आटोपल्यावर ऑर्डरचा हिशोब केव्हा बंद करावा?

प्रश्न (कोपरी, ठाणे):
आमचा मंडप, खुर्च्या व भांडी भाड्याने देण्याचा व्यवसाय आहे. लग्नसराईत सामान गोदामात परतले की ऑर्डर संपली असे आम्ही धरतो. परंतु चार दिवसांनी मोजणीत वीस खुर्च्या कमी भरतात आणि तोवर अनामत परत गेलेली असते. आपण काय करता?

उत्तर (वाशी):
दादा, मोजणी टेम्पो भरण्यापूर्वी कार्यक्रमाच्या जागीच करावी आणि जावक चलनाच्या प्रतीवर परतीचा आकडा लिहून यजमानांकडील जबाबदार व्यक्तीची सही घ्यावी. रात्री दोन वाजता कामगार थकलेले असतात, हे मला मान्य आहे. तरीही खुर्च्या दहा-दहाच्या थप्पीत लावल्यास मोजणी लवकर उरकते. टेबलांची कापडे मात्र धुलाईनंतरच तपासावीत, कारण हळदीचा डाग साबण लागताच लाल होऊन उठून दिसतो. तोपर्यंत अनामतीचा काही भाग राखून ठेवण्याची अट बुकिंगच्या पावतीवरच छापावी.

उत्तर (ऐरोली):
जीएसटीखाली नोंदणी असल्यास सेवा पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांच्या आत बीजक द्यावे लागते, म्हणून तुटफुटीच्या वादापायी ते अडवून ठेवू नका. परत करावयाची अनामत, ती मोबदल्यात वळती करेपर्यंत, करपात्र रक्कम ठरत नाही. त्यामुळे तिची नोंद भाड्यापासून वेगळी ठेवावी.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. रविवारच्या हळदीच्या ऑर्डरपासूनच चलनावर परतीचा रकाना आखतो.