मदत हवी आहे: जुना पुअर चहा कुबट लागतोय, रविवारी पाहुणे आहेत

निशिगंध_हाँगकाँग: प्लीज लवकर सांगा कुणीतरी. नवऱ्याच्या साहेबांनी रिटायर होताना आम्हाला जुन्या पुअरचा, म्हणजे चीनमधल्या मुरवलेल्या चहाचा, दाबून केलेला अख्खा केक दिला, आता ते रविवारी बायकोला घेऊन जेवायला येणारेत आणि जेवणानंतर तोच चहा पिऊ म्हणालेत. मी करून बघितला तर तळघराचा कुबट वास आणि वर कडूजहर. खराब झालाय का? त्यांच्यासमोर उगाच मान डोलवायची नाहीये मला, खरंच आवडून प्यायचाय. यात नक्की काय शोधायचं असतं?

आलेपाक: आलं ठेचून घाला, थोडा गूळ आणि गवती चहा. वास कुठल्या कुठे जाईल. आम्ही कुठलाही जुनाट चहा असाच संपवतो.

चहाबाज: आलं अजिबात नको!! निशिगंध, आधी सांगा, कच्चा की पक्का? कुठल्या सालचा? पत्ती किती, पाणी किती, किती वेळ ठेवला, कशात केला? याशिवाय कोण काय सांगणार.

निशिगंध_हाँगकाँग: पुअर म्हणजे पुअर ना? डिमसमच्या हॉटेलात बोलेई (इथे पुअरला तेच म्हणतात) मिळतो तो तर मऊ असतो, हा तसा नाही. साहेब 'सांग' असं काहीतरी म्हणाले होते, आणि ७५४२. केला नेहमीसारखाच, किटलीत, चारपाच मिनिटं.

हलकंफुलकं: पुअरने वजन उतरतं म्हणतात, रिकाम्या पोटी घ्यायचा की जेवणानंतर? मी ग्रीन टी सोडून हा सुरू करू का?

चहाबाज: सांग म्हणजे कच्चा, तिथेच उत्तर आहे. हॉटेलातला बहुतेक वेळा पक्का असतो, म्हणजे पत्तीचा ढीग ओला करून मुद्दाम मुरवलेला, ही पद्धत १९७३ साली कुनमिंगच्या कारखान्यात बसवली. कच्चा तसा नसतो, उन्हात वाळवलेली चीनच्या युन्नान प्रांतातली मोठी पत्ती वाफवून दाबतात आणि मग तो वर्षानुवर्षं आपला आपण मुरतो. ७५४२ म्हणजे १९७५ सालची कृती, ४ ही पत्तीची प्रत आणि २ म्हणजे मेंगहाय कारखाना, तुमचा केक कुठल्या साली बनला याच्याशी त्याचा संबंध नाही. आणि चारपाच मिनिटं किटलीत ठेवलात तर कुठलाही कच्चा पुअर कडूच होणार हो.

कुनमिंगवाला: मी नोकरीनिमित्त कुनमिंगला, युन्नानमध्येच राहतो. कुबट वास म्हणजे हाँगकाँगच्या दमट गोदामातला माल. इथे शहर जवळपास १,९०० मीटर उंचीवर, हवा कोरडी, चहा स्वच्छ राहतो. दमटातला चहा मी तरी पीत नाही, पत्तीची मूळ चवच मरते.

चहाबाज: आणि तुमच्याकडचा वीस वर्षांनीही हिरवट आणि कडकच राहतो, तो पचवायला पोट दगडाचं लागतं. हाँगकाँगचे जुने व्यापारी चहा आधी खाली दमट गोदामात ठेवायचे आणि मग कोरड्या जागी हलवून वास उतरवायचे, त्याला हिशोब असायचा, नुसता टाकून दिलेला नसतो. ज्याचं एवढं कौतुक होतं तो '८८ चिंगबिंग' नावाचा कच्चा केकसुद्धा १९८९ ते १९९२ च्या सुमाराचा ७५४२च, आणि तो हाँगकाँगमध्येच कोरडा ठेवलेला. त्यामुळे गावावरून चहा ठरवू नका.

कुनमिंगवाला: ८८ चं नाव घेऊन बाकीच्या ओल्या मालाची भलामण कशाला? त्या वासाला 'जुनेपणा' म्हणून खपवतात हे मी डोळ्यांनी बघितलंय.

निशिगंध_हाँगकाँग: तुम्ही दोघं नंतर भांडा हो, मी काय करू ते सांगा!

माजघर: ताई, आधी उजेडात केक नीट बघा. लोकरीसारखी बुरशी, काळी हिरवी पिवळी कसलीही, दिसली तर पिऊ नका, कितीही प्रेमाने दिलेला असो. नसेल तर आजच कडेकडेने थरांत सुटा करा, सुरी खुपसून चुरा करू नका, चुऱ्याने कडवटपणा वाढतो. सुटे तुकडे कागदी पिशवीत, फोडणीच्या वासापासून लांब ठेवा, रविवारपर्यंत वास थोडा तरी उतरेल. झाकणाची वाटी आहे का, गायवान? १०० मिली पाण्याला ६ ग्रॅम पत्ती, पाणी खळखळ उकळतं. पहिली दोन पाणी लगेच ओतून टाका. मग दहा सेकंद, पुढे हळूहळू वेळ वाढवा. तळघराचा वास पहिल्या एकदोन कपांतच असतो, तिसऱ्याचौथ्याला खरा चहा लागतो. घोट तोंडात घोळवा, चव काय ते लगेच ठरवू नका. आवळा खाऊन पाणी प्यायल्यावर जो गोडवा मागून येतो तसा घशात येतोय का बघा. झाकणाच्या आतल्या बाजूला नाक लावा, कापूर, जुनं लाकूड, काढ्याच्या औषधांसारखं काही येतं का. रिकामा कप गार झाल्यावर पण हुंगा, मला तर चहापेक्षा तोच वास जास्त आवडतो.

व्यवहारी: एवढा जुना असेल तर विकून टाका, लाखांत जातो.

चहाबाज: दिलेली भेट विकायची?? आणि नकली माल ढिगाने आहे, २००७ ला भाव कोसळले तेव्हा भलेभले बुडालेत. जुन्या वेष्टनांवर तो आकडा सहसा छापलेलाच नसतो, त्यामुळे आकड्यावर जाऊ नका. केकमध्ये दाबलेला कारखान्याच्या खुणेचा छोटा कागद आहे का?

दर्यावर्दी: रत्नागिरीत ठेवला तर मुरेल का हा? आमच्याकडे पावसाळ्यात हवा हाँगकाँगएवढीच दमट.

माजघर: दर्यावर्दी, मुरेल पण आषाढ-श्रावणात बुरशी धरेल, कपाटात भिंतीपासून लांब ठेवा आणि मधेमधे बघत राहा. सुक्या मासळीच्या आसपास तर नकोच.

निशिगंध_हाँगकाँग: बुरशी नाही, नीट बघितलं. छोटा कागद आहे, पत्तीत अर्धा रुतलेला, फाटेल म्हणून काढत नाहीये. माजघर, तुम्ही सांगितलंत तसा केला. पहिला कप अजूनही कुबट, पण चौथ्याला रंग लालसर, अगदी स्वच्छ, आणि घशात गोड आलं!! कापूर मात्र मला नाही सापडला. उरलेली पत्ती तपकिरी आहे आणि बोटाने उलगडतेय, हे चांगलं का?

चहाबाज: चांगलं. कोळशासारखी काळी आणि कडक असती तर शंका होती. कापूर प्रत्येक केकमध्ये नसतो, ओढूनताणून शोधू नका. रविवारी साहेबांनाच ओतायला सांगा, ते पत्ती किती घेतात आणि किती वेळ ठेवतात ते बघून ठेवा. साल पण विचारा, ते अजून सांगितलंच नाहीत.

कुनमिंगवाला: आणि शेजारी एक कोरड्या गोदामातला लावून बघा, मग बोलू. पत्ता द्या व्यनिमध्ये, माझ्याकडचा थोडा पाठवतो.

आलेपाक: मी अजूनही सांगतो, आलं घालून बघायला काय जातंय.