ठिबकच्या जुन्या नळ्या, पीव्हीसीचे तुकडे आणि फवारणीचे रिकामे डबे कोठे द्यावेत?

प्रश्न (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)
नमस्कार. पाच एकर कपाशीवरील ठिबकच्या जुन्या नळ्या या उन्हाळ्यात काढल्या. त्यांच्यासोबत पीव्हीसी पाइपचे तुकडे, मल्चिंग पेपर (पिकाभोवती जमिनीवर अंथरलेला प्लास्टिकचा पातळ पडदा), खतांची पोती, फवारणीचे डबे आणि फवारणी पंपाची निकामी बॅटरी असा ढीग बांधावर साचला आहे. भंगारवाल्याने लोखंड नेले, परंतु मिसळलेला माल चालत नाही म्हणून बाकीचे तसेच सोडले. शेजारी पेटवून देण्यास सांगतात. गोठा आणि विहीर जवळच असल्याने मला ते योग्य वाटत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (हिंगणा, नागपूर)
मी जुने प्लास्टिक वितळवून त्याचा दाणा तयार करणाऱ्या कारखान्यात काम करतो. भंगारवाल्याचे म्हणणे खरे आहे. ठिबकची नळी पॉलिथिनची असते आणि तिचा दाणा साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला वितळवून काढतात. त्यात पीव्हीसीचे तुकडे गेले, तर ते त्या उष्णतेला विघटित होऊन हायड्रोजन क्लोराइड वायू सोडतात, त्याने यंत्राचा स्क्रू आणि बॅरल गंजतात आणि संपूर्ण घाणा वाया जातो. हाच वायू पीव्हीसी जाळल्यावरही निघतो, म्हणून आपण ढीग पेटवला नाही हे फार चांगले केले.

ओळखण्यासाठी पाण्याची बादली पुरेशी आहे. प्रत्येक पाइपचा लहान तुकडा धुऊन पाण्यात दाबून सोडावा : पॉलिथिन तरंगते, पीव्हीसी बुडते. खतांच्या पोत्यांचे पॉलिप्रॉपिलिनही तरंगते, परंतु ती विणलेली असल्याने नजरेनेच वेगळी करता येतात. आतली पातळ पिशवी मात्र काढून ठेवावी. नळ्यांतील माती झटकून त्यांचे वेगळे गठ्ठे बांधावेत. एकट्याचा माल थोडा असेल, तर गावातील चार-पाच जणांनी मिळून गाडी भरावी, कारण विरळ गठ्ठ्यांचे भाडेच मालाच्या किमतीपेक्षा जास्त होते.

उत्तर २ (सेलू, जि. वर्धा)
फवारणीचे डबे या गठ्ठ्यांत मुळीच घालू नयेत. कीटकनाशके नियम, १९७१ नुसार त्यांचा पुन्हा वापर होऊ नये म्हणून ते उघड्यावर टाकता येत नाहीत. यापुढे द्रावण तयार करतानाच रिकामा डबा पाव भाग पाण्याने भरून, झाकण लावून हलवावा आणि ते पाणी पंपातच ओतावे. असे तीनदा करून डब्याच्या बुडाला छिद्र पाडावे, म्हणजे कोणी त्यात पिण्याचे पाणी किंवा तेल भरणार नाही. २०१७ च्या खरिपात फवारणीच्या विषबाधेने आपल्या यवतमाळ जिल्ह्यात झालेले मृत्यू आठवले, की या कामात आळस करणे मला अक्षम्य वाटते. डबे कुलूपबंद ठेवून ते परत घेण्याबाबत विक्रेत्याकडे व कृषी सहायकाकडे विचारणा करावी.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. बादलीची चाचणी केली. काळ्या पाइपांपैकी दोन तुकडे बुडाले, ते मी नळ्या समजूनच ठेवले होते. मल्चिंग पेपर आणि बॅटरीचे काय करावे?

उत्तर १ (हिंगणा, नागपूर)
मल्चिंग पेपर पातळ असल्याने त्याला चिकटलेल्या मातीचे वजनच पुष्कळ भरते आणि बहुतेक कारखाने तो नाकारतात. पुढील हंगामात जाड पेपर घ्यावा, म्हणजे तो न फाटता अखंड निघतो. बॅटरी फोडू नये. ती शिशाची असल्यास आतील आम्लाने जमीन आणि विहीर दोन्ही बिघडतील. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे नवी घेताना जुनी दुकानातच द्यावी.