मुलीच्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली आहे, ऑपरेशन करावं का? मदत हवी आहे

नमस्कार. माझी मुलगी सव्वापाच वर्षांची आहे. तिच्या उजव्या पायाची करंगळी जन्मापासून शेजारच्या बोटावर तिरकी चढलेली आहे आणि नख बाहेरच्या बाजूला वळलंय. हाताने खाली आणली तर येते, सोडली की पुन्हा वर. माझ्या सासूबाईंचे दोन्ही पाय अगदी असेच आहेत. पण त्यांचं सगळं आयुष्य चपलेत गेलं, त्यामुळे त्यांना कधी त्रास झाला नाही.

तान्ही असताना रोज तेल लावून बोट ताणायचो. मग वर्षभर रात्री कागदी टेप लावला. टेप काढला की दोन दिवसांत जैसे थे.

यंदा पहिलीत गेली आणि काळे बूट सक्तीचे झाले. घरी आल्यावर मोजा काढते तेव्हा करंगळीवर लाल चट्टा असतो. पंधरा दिवसांपासून तिथली कातडी कडक लागतेय, तिथे कुरूप (कॉर्न) होणार की काय अशी भीती वाटते. अनवाणी मात्र दिवसभर धावते, काही दुखत नाही.

दोन अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवलं. बोट वर ओढणारा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी), सांध्याचं आवरण आणि वरची कातडी, तिन्ही आखूड आहेत, आता टेपने फरक पडणार नाही, यावर दोघांचं एकमत. पहिले म्हणतात, बूट बदला, दुखायला लागलं तरच ऑपरेशन. दुसऱ्यांनी बटलर पद्धत सुचवली. त्यात बोटाभोवती छेद घेऊन टेंडन मोकळा करतात आणि बोट खाली आणून बसवतात. बोटाच्या बारीक रक्तवाहिन्या ताणल्या जाण्याचा धोका त्यांनीच सांगितला, तेव्हापासून माझी झोप उडालीय. नुसती कातडी व्ही आकारात कापून वाय आकारात शिवायची सोपी पद्धतही आहे, पण त्यात बोट पुन्हा वर येण्याची शक्यता जास्त, असं ते म्हणाले. एका नातेवाइकांनी बोट काढूनच टाका म्हटलं. त्याला दोघांनीही साफ नकार दिला, कारण मग बुटाचा दाब मागच्या हाडाच्या टोकावर येतो.

कुणाच्या मुलाचं बटलर ऑपरेशन झालंय का? कितव्या वर्षी केलंत? बूट किती दिवसांनी घालता आले? वण बुटाला घासतो का? आणि ज्यांनी ऑपरेशन न करता असंच ठेवलं, त्यांना मोठेपणी त्रास झाला का?

पंज्याशी रुंद असे शाळेचे काळे बूट कुठे मिळतात तेही कृपया सांगा. एक नंबर मोठे घेऊन पाहिले, तर टाच निसटते आणि ती अडखळते.