पद्मिनीचं जाम इंजिन सोडवायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. वडिलांची १९८६ची प्रीमियर पद्मिनी नऊ वर्षं चिपळूणला पत्र्याच्या शेडखाली उभी होती. इंजिन मूळचंच, १०८९ सीसी पेट्रोल. आता ते पूर्ण जाम आहे. शेड गळकी आणि एअर फिल्टरचं झाकण नव्हतं, त्यामुळे कार्ब्युरेटरमधून पाणी आत गेलं असावं.

चारही प्लग काढले. तीन कोरडे निघाले, पण तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगवर लालसर गंजाचा थर होता, नखाने खरवडला तर भुकटी पडली. डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ ऑइल) निम्मं-निम्मं करून दहा दिवस सिलिंडरमध्ये भरून ठेवलंय. तिसऱ्यात पातळी उतरतच नाही. स्टार्टर काढून पाहिला, अडकलेला तो नाही. पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हलक्या हाताने दोन्हीकडे दाबतो. केसभरही हलत नाही. लांब पाइप लावून जोर करायची हिंमत होत नाही.

आणखी भिजू द्यावं की हेड (सिलिंडरवरचं झाकण) उघडावं? हेड ॲल्युमिनियमचं, ते धरून ठेवणारे स्टड गंजलेले. स्टड न मोडता हेड कसं उचलायचं? ब्लॉक वडिलांच्याच गाडीचा राहावा, एवढीच इच्छा आहे. ज्यांनी स्वतः सोडवलंय त्यांनी कृपया सांगा.