मदत हवी आहे: बाबांना घेऊन सिएराच्या तळ्यांकाठी दोन रात्री, जमेल का?

मंडळी, जरा सल्ला हवाय. आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो. नाशिकहून आई-बाबा आलेत. विसर्जन झालं की सप्टेंबरअखेर मी आणि बाबा, दोघंच, सिएरा नेवाडा डोंगररांगेच्या पूर्वेकडे लिटल लेक्स व्हॅली नावाच्या दरीत जाऊन दोन रात्री तंबूत राहायचं म्हणतोय. 395 हायवेवरून टॉम्स प्लेसला आत वळायचं, रॉक क्रीकच्या काठाने वर जात मॉस्किटो फ्लॅटला गाडी लावायची आणि पाठीवर सॅक टाकून चालायचं. मॅक, मार्श, हार्ट, बॉक्स, लाँग अशी एकामागून एक तळी लागतात, पुढे चिकनफूट आणि जेम लेक्स. ऑगस्टमध्ये मी एकटा एका दिवसात जाऊन आलो आणि तेव्हाच ठरवलं की बाबांना हे दाखवायचं.

बाबा 64 वर्षांचे. बीपीची एक गोळी सुरू आहे, बाकी ठणठणीत. वर्षातून एकदा कळसूबाई असतेच, तरुणपणी अलंग-मदन-कुलंग केलेलं. मी उंचीचा विषय काढला की म्हणतात, "अरे, कळसूबाई म्हणजे महाराष्ट्राचं छप्पर. मला काय सांगतोस?" आता कळसूबाई 1,646 मीटर, म्हणजे 5,400 फूट. मॉस्किटो फ्लॅटचा गाडीतळच 10,000 फुटांच्या वर आहे! हे सांगितलं तर म्हणाले, "मग काय, चढायचं काम गाडीनेच केलं की."

गेल्या रविवारी अस्वलाचा डबा आणला. इथल्या जंगलात खाणं त्यातच ठेवावं लागतं, अस्वलाला उघडता येत नाही असा जाड प्लॅस्टिकचा पिंप. आईने विचारलं, "हे लोणच्याला आणलंस का?" बाबांनी त्यात रव्याचे लाडू, मेतकूट, लसणाची चटणी, पोहे, डाळ-तांदूळ आणि एक छोटा कुकर भरायला घेतला. कुकर अर्थातच मावला नाही. मग बाथरूममधला वजनकाटा बाहेर आला. बाबांची सॅक 13 किलो. ती मी उचलून बघितली आणि हा धागा काढायला बसलो.

तर प्रश्न असे. पहिली रात्र कुठे काढावी? तिथे डाळ-भात शिजेल का? रात्री थंडी किती असते? आणि खरा प्रश्न, जो घरात कोणी मोठ्याने विचारत नाहीये: न्यावं का त्यांना? तिथे रात्री राहायला लागणारं परमिट अजून काढलेलं नाही.

भटक्या_सॅक्रामेंटो:
न्या. पण तुमचा बेत बदला. ही दरी फसवी आहे. चिकनफूटपर्यंत जेमतेम 3 मैल, चढ 500 फुटांच्या आसपास, त्यामुळे माणूस गप्पा मारत पोचतो आणि त्याला वाटतं काहीच झालं नाही. त्रास होतो तो रात्री झोपल्यावर. फ्रीमाँट समुद्रसपाटीला. तिथून सकाळी निघून सहा तासांत गाडीतळ आणि संध्याकाळी 10,800 फुटांवर मुक्काम, हे मी पंचविशीतल्या मुलांनाही सांगणार नाही. दोन रात्री मॅमथ गावात काढा, ते 7,900 फुटांच्या आसपास आहे. मधल्या दिवशी रिकाम्या हाताने दरीत फिरून या, झोपायला खाली. मग एकच रात्र वर. तीही चिकनफूटला नको, लाँग लेकच्या जवळपास. तिथून डोकं दुखायला लागलं तरी दीड-दोन तासांत गाडीपाशी येता.

परमिटचं म्हणाल तर 60 टक्के सहा महिने आधीच जातात, उरलेले 40 टक्के निघायच्या दोन आठवडे आधी ऑनलाइन खुले होतात. सकाळी घड्याळ लावून बसा. धुराकडेही लक्ष ठेवा. सप्टेंबरात कुठे वणवा लागला की दरीत समोरचा डोंगर दिसेनासा होतो, तेव्हा बाबांना घेऊन जाऊच नका.

साधी_डॉक्टर:
इथे बसून कुणाला औषध सांगणार नाही, पण दोन-तीन गोष्टी बोलते. बाबांची बीपीची गोळी परस्पर बंद करू नका आणि जायच्या आधी त्यांना डॉक्टरांकडे नेऊन आणा. उंचीच्या त्रासासाठी डायमॉक्स या गोळीचा विषय निघाला तर सल्फाची अ‍ॅलर्जी आहे का ते आधी सांगा. व्हिजिटर इन्शुरन्सची पॉलिसी शेवटच्या पानापर्यंत वाचा, काहींत ठरावीक उंचीच्या वरचं धरत नाहीत.

वर गेल्यावर थोडं डोकं जड होणं वेगळं. डोकेदुखीबरोबर उलटी, बसल्या जागी धाप, नाहीतर सरळ रेषेत चालताना तोल जाणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. रात्रीचे दोन वाजले असतील तरी टॉर्च लावून खाली. आणि हे बाबांना आत्ताच, घरी चहा पिताना सांगून ठेवा. वर गेल्यावर कुठलेही बाबा "मला काही झालेलं नाही" असंच म्हणतात. माझे तर म्हणालेच होते.

चुलीवरची:
कुकर मावत नाही म्हणजे डाळ-भाताचा नाद सोडा. त्या उंचीवर पाणी 89 अंशांच्या आसपास उकळतं. साध्या भांड्यात डाळ तासभर रटरटली तरी दाताखाली कचकच येईल आणि गॅस संपेल तो वेगळा. शेकोटीचा विचार असेल तर तोही सोडा, तिकडे 10,000 फुटांच्या वर बंदी आहे.

रवा घरीच भाजून, फोडणी घालून, मीठ-साखर टाकून पिशवीत भरा. वर गेल्यावर उकळतं पाणी ओता, झाकण ठेवा, पिशवी टोपीत गुंडाळा. दहा मिनिटांत उपमा. पोह्यांचंही तेच, फक्त जाड पोहे नकोत. भात हवाच असेल तर इथला मिनिट राइस (आधीच शिजवून वाळवलेला तांदूळ) घ्या, वर मेतकूट आणि तुपाची पुडी. चहा जरा फिका होतो, पूड दीडपट घाला. लाडू मात्र सगळे न्या. थंडीत दुसरं काही घशाखाली उतरत नाही तेव्हा लाडू उतरतो.

गारठलेला:
थंडीचं मी सांगतो, कारण चूक करून बसलोय. सप्टेंबरअखेर रात्री पारा शून्याखाली जातो. पाणी गाळायचा फिल्टर मी तंबूबाहेर ठेवला होता. आतल्या नळ्यांत पाणी गोठलं की त्या फुटतात आणि बाहेरून काहीही कळत नाही. तो झोपताना स्लीपिंग बॅगमध्ये, पायाशी. बॅगेवर तापमानाचे दोन-तीन आकडे असतात, त्यातला 'कम्फर्ट'वाला बघून घ्या, 'एक्स्ट्रीम'वाला नुसता जीव वाचवण्यापुरता. आणि चटई चांगली घ्या, थंडी जमिनीतून येते. नाव मॉस्किटो फ्लॅट असलं तरी तेव्हा डास नसतात, आणि रॉक क्रीकच्या काठचे अ‍ॅस्पेन पिवळेधमक व्हायला लागलेले असतात. बाबांना खाली उतरताना दोन्ही हातात काठ्या द्या.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. भटक्या, तुमचाच बेत घेतो: मॅमथला दोन रात्री, लाँग लेकला एक. बाबांना वाचून दाखवलं. "एकच रात्र?" म्हणून जरा हिरमुसले, पण साधी_डॉक्टर यांचा शेवटचा परिच्छेद आईने दोनदा वाचायला लावला, त्यानंतर गप्प झाले. शुक्रवारी डॉक्टरांची अपॉइंटमेंट आहे. त्यांच्या सॅकमधून तंबू आणि गॅस माझ्याकडे आले, आता ती 6 किलोवर आहे आणि ते दिवाणखान्यात ती घालून फिरतायत.

एकच शंका राहिली. पिंपात वास येणारं सगळं ठेवायचं, टूथपेस्टसुद्धा, हे कळलं. बाबा हिंगाची डबी खिशात ठेवायची म्हणतात, पोटात गॅस झाला तर लागते म्हणून. चालेल का?

चुलीवरची:
हिंग? ती सगळ्यात आधी पिंपात टाका!