'ओके' आलं कुठून? गंमत म्हणून, की दडपलेला इतिहास?

वाचाळवीर: अमेरिकन यादवी युद्धात एकही सैनिक मेला नाही की बोर्डावर 'झिरो किल्ड' (म्हणजे शून्य ठार) लिहायचे, शून्याचा 'ओ' आणि किल्डचा 'के' मिळून झालं ओके, हा फॉरवर्ड परत फिरतोय. अरे बाबांनो, ते युद्ध सुरू झालं 1861 ला आणि ओके छापून आलंय 23 मार्च 1839 ला, बॉस्टन मॉर्निंग पोस्टमध्ये! तेव्हा पेपरवाल्यांना मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून त्याची आद्याक्षरं वापरायचं खूळ लागलं होतं, ऑल करेक्टचं केलं 'ओल कोरेक्ट' आणि झालं ओके. विषय संपला.

उगाचच: एवढ्यात कसा संपेल? चॉक्टॉ या अमेरिकन आदिवासी भाषेत 'ओके' म्हणजे 'असंच आहे'. प्रेसिडेंट वुड्रो विल्सन म्हणूनच स्पेलिंग ओ-के-ई-एच करायचे.

वाचाळवीर: विल्सन प्रेसिडेंट झाले 1913 ला, त्यांच्या स्पेलिंगवरून 1839 चं काय सिद्ध होणार? नुसता उच्चार जुळवायचा तर ग्रीकमध्ये 'ओला काला' म्हणजे सगळं छान, त्यांनाही देऊन टाका मग.

तिरकस_बाई: छापील पुराव्याचा एवढा माज कशाला? छापत कोण होतं ते बघा की. वोलोफ या पश्चिम आफ्रिकेतल्या भाषेत 'वाव के' म्हणजे 'हो तर', ती भाषा बोलणारी माणसं गुलाम म्हणून अमेरिकेत नेली, त्यांचं बोलणं कुठला पेपर छापणार होता? कागद नाही म्हणून शब्दच नव्हता, हे कसलं लॉजिक!

वाचाळवीर: मुद्दा दमदार आहे, पण 1839 च्या त्या मजकुरात ओकेला लागूनच 'ऑल करेक्ट' असा अर्थ दिलाय. शिवाय ऑल राइटला (oll wright) 'ओ डब्ल्यू', नो गोला (know go) 'के जी' असली पिल्लं पण होती. अ‍ॅलन वॉकर रीड या भाषा-अभ्यासकाने जुने पेपर उपसून 1963-64 मध्ये हे सगळं मांडलंय.

शंकासुर: मग ओ डब्ल्यू मेलं आणि ओकेच का जगलं?

मधलाच: 1840 ची निवडणूक. तेव्हाचे प्रेसिडेंट मार्टिन व्हॅन ब्युरेन किंडरहूक गावचे म्हणून 'ओल्ड किंडरहूक', समर्थकांनी ओके क्लबच काढले, आणि विरोधकांनी टर उडवली की आधीचे प्रेसिडेंट अँड्र्यू जॅक्सनना स्पेलिंग येत नाही म्हणून ते कागदांवर ओके लिहितात. ब्युरेनसाहेब पडले, पण शब्दाला दोन्हीकडून फुकट पब्लिसिटी. पुढे तारवाल्यांनी उचलला.

तिरकस_बाई: पसरला कसा ते पटलं, उगम अजून नाही. बोलण्यात आधीच रुळलेल्या शब्दाला पेपरवाल्याने विनोदी फुलफॉर्म चिकटवला असेल तर?

वाचाळवीर: 'असेल तर' वर काहीही असू शकतं हो. 1839 च्या आधीचा एक धड कागद दाखवा, मी तिथल्या तिथे पार्टी बदलतो.